उत्तर सातारा, दक्षिण सातारा आणि १९५२ चा उन्हाळा

१९५२ सालच्या जुलै महिन्यातल्या दोन तारखा मला पुष्कळ दिवस खुणावत होत्या. १९ जुलैला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर भारताचा संघ एकाच दिवसात दोनदा गारद झाला, आधी ५८ धावांत आणि मग ८२ धावांत. त्या संघाचे कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. त्यानंतर चारच दिवसांनी, २३ जुलैला, हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. पुढच्या वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग पडले, आणि दक्षिण भागाला ‘सांगली’ हे नाव मिळायला १९६० साल उजाडले. म्हणजे १९५२ मध्ये गोळेश्वर उत्तर साताऱ्यात होते आणि सांगली दक्षिण साताऱ्यात. कृष्णा दोघांच्याही वाटेवरची. एकाच पाण्यावरच्या या दोन माणसांकडे मी वेगळ्या कारणाने वळलो. खेळाडूच्या पोटाचे काय, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात जितका उघडा पडला तितका क्वचितच पडला असेल.

हजारे १९१५ सालचे. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शिक्षक, घरात भावंडे आठ. अशा घरातल्या मुलाला क्रिकेट परवडायचे, तर पाठीशी कोणी तरी हवे. त्या काळी पाठीशी असत ते संस्थानिक. हजारे आधी देवासच्या आणि नंतर बडोद्याच्या आश्रयाला राहिले. ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटचे धडे त्यांना मिळाले तेही या संस्थानी वर्तुळातच. बडोद्याकडून १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी २८८ धावा केल्या आणि गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागी रचली. पण ज्या वर्षी हा विक्रम झाला त्याच वर्षी संस्थानांचा अस्त सुरू झाला.

याच सुमारास हजारे यांनी दुसरा रस्ता पाहिला. १९४९ मध्ये ते लँकेशायर लीगमध्ये रॉटनस्टॉल क्लबचे पगारी खेळाडू होते. ही लीग १८९२ पासूनची. कापडगिरण्यांच्या छोट्या गावांचे क्लब, सामना शनिवारी दुपारी, कारण आठवडाभर माणसे गिरणीत. प्रत्येक संघात दहा जण गावातले हौशी आणि एकच पगारी. त्या एकाकडून नव्या चेंडूने गोलंदाजी, पहिल्या फळीत फलंदाजी आणि आठवड्यात पोरांना शिकवणे, एवढी सगळी अपेक्षा. त्याने पन्नास केल्या की मैदानाभोवती डबा फिरे आणि प्रेक्षक त्यात नाणी टाकत. हे वाचले तेव्हा मला आपल्या जत्रांचे फड आठवले. चटकदार कुस्ती मारलेला पैलवान फडाभोवती फिरतो आणि लोक त्याच्या हातावर पैसे ठेवतात. दोन्हीकडे कौतुकाचा हिशोब लगेच आणि रोख.

फरक होता तो करारात. लँकेशायरमध्ये डब्यातली नाणी ही वरकमाई, हंगामाचा पगार आधीच ठरलेला. क्लब छोटा असो, त्याने लिहून दिलेले असे. या लिहून देण्याची किंमत १९५२ मध्ये विनू मंकड यांच्या निमित्ताने कळली. रॉटनस्टॉलच्या शेजारच्याच हॅसलिंग्डन क्लबने त्यांना बोलावले होते. भारतीय संघात आपली जागा नक्की आहे अशी हमी मंकड यांनी मागितली, ती मिळाली नाही, आणि त्यांनी क्लबचा करार स्वीकारला. मंकडविना संघ लीड्सला उतरला. पहिल्या डावात मांजरेकर १३३ आणि हजारे ८९. दोघांनी २२२ धावा जोडल्या. दुसऱ्या डावात मात्र ट्रूमनच्या माऱ्यापुढे धावफलकावर शून्य असताना चार गडी तंबूत परतले. हजारे यांनी ५६ आणि फडकर यांनी ६४ धावा करून लाज राखली.

मग हॅसलिंग्डनकडे रदबदली झाली. क्लबने सोडलेल्या मंकडनी लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा केल्या, आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. १८४ धावांच्या त्या खेळीत हजारे यांच्याबरोबरची भागी २११ ची. सामना तरीही इंग्लंडने आठ गडी राखून जिंकला. मंकड यांना दोष देणारे तेव्हाही होते. मला मात्र दिसते ते असे: देशाकडे हमी नव्हती, एका गिरणीगावाकडे होती.

आणखी एक योग पाहा. लीड्सच्या त्याच कसोटीत इंग्लंडने लेन हटन यांना कर्णधार केले. विसाव्या शतकात इंग्लंडने नेमलेला हा पहिला पगारी कर्णधार. तोवर ते पद हौशी ‘जंटलमन’ मंडळींसाठी राखीव होते. पगारी खेळाडू ‘प्लेअर’ म्हणवला जाई आणि हा भेद १९६२ पर्यंत कागदोपत्री टिकला. म्हणजे नाणेफेकीला समोरासमोर उभे राहिलेले दोघेही खेळावर पोट भरलेले: एक यॉर्कशायरचा, एक सांगलीचा.

ऑलिंपिकच्या दारावर मात्र ‘हौशी’ हीच पाटी होती. खाशाबा १९४८ मध्ये लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी संस्थान उरले नव्हते. गोळेश्वर आणि पंचक्रोशीने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशावर खाशाबा हेलसिंकीला पोचले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. हरले ते सुवर्णविजेत्या जपानच्या इशीशी आणि रौप्यविजेत्या सोव्हिएत मल्लाशी. परतल्यावर कराड स्टेशनपासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे कर्ज फेडले. पदक मिळवणारा माणूस घरी आला आणि आधी देणे चुकवायला आखाड्यात उतरला.

संस्थान, करार, वर्गणी: खेळाडूला पोसण्याच्या या तीन तऱ्हा. पहिली १९५२ पूर्वीच संपली. दुसरी परमुलखात होती, आणि क्रिकेटवाल्यांनाच मिळाली. तिसरी तेवढी कृष्णाकाठी उरली. वर्गणीत माया असते. पण वर्गणी एकदाच काढता येते, हंगामामागून हंगाम नव्हे.

त्यानंतर हजारे यांना १९६० मध्ये पद्मश्री मिळाली आणि पुढे देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव लागले. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक भारताला थेट १९९६ मध्ये मिळाले. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत गुण कमी पडला असे मला वाटत नाही. आपल्या भागातल्या तालमींत पोरे तेव्हाही घुमत होती. त्यांना कोणी हंगामाचे लिहून देणारे नव्हते, इतकेच.