गोसीखुर्द प्रकल्प : वित्त आणि कायदेशीर सल्ला

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभारलेला बहुउद्देशीय पाटबंधारे प्रकल्प. अधिकृत नाव इंदिरा सागर. पायाभरणी १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचन हे उद्दिष्ट. मूळ अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. पुढे तो कित्येक पटींनी वाढला.

विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाची स्थापना १९९७ च्या अधिनियमाने झाली आणि प्रकल्प त्याच्याकडे आला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाल्याने केंद्राच्या ९० टक्के अर्थसाहाय्याची वाट खुली झाली.

अशा प्रकल्पात कायदेशीर सल्ल्याचा आवाका मोठा असतो : पाणीवाटप लवादाच्या निवाड्याशी सुसंगती, १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालील मंजुरी, निविदा व करारनाम्यातील दरवाढीची कलमे, भूसंपादन आणि अर्थसाहाय्याच्या अटी. भूसंपादनासाठी १८९४ च्या कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. त्यात पुनर्वसन हा हक्क ठरला. मंजुरी वा मोबदला रखडला की काम थांबते आणि खर्च फुगतो. म्हणून बुडित गावांना वेळेवर न्याय देणे हाच भक्कम वित्तनियोजनाचा पाया होय.