गाळाखालचं खैराचं रान

मोरा बंदरावर तुम्ही तिकीट काढून उभे आहात आणि लाँच काही हलत नाही. पौर्णिमेची मोठी ओहोटी आहे. धक्क्यापुढे नुसता काळपट गाळ, त्यात तिरक्या रुतून बसलेल्या होड्या. मागे कुणीतरी गाळाला आणि पंचांगाला एकदमच शिवी हासडतं. उरणकराला यात नवल नाही. पण आजच्या प्रवासात हा गाळच तुमचा वाटाड्या आहे, तेव्हा थोडं सबुरीनं घ्या.

पाणी चढतं, लाँच सुटते. उजव्या हाताला घारापुरी. बाकीचे प्रवासी मुंबईत, माझगावच्या भाऊच्या धक्क्याला उतरतील. तुम्हाला त्याच्या शेजारी उतरायचंय, पण 1878 साली.

तिथे समुद्र अडवून प्रचंड खड्डा खणला आहे. प्रिन्सेस डॉकचं काम चालू आहे. 1875 मध्ये इंग्लंडच्या युवराजानं पायाभरणी केली, 1880 मध्ये गोदी उघडेल. तुम्ही शिडीनं तळाशी उतरता. ओहोटीची सगळ्यात खालची रेषासुद्धा आता तुमच्या डोक्यावर आहे. निळसर चिखलाचा थर काढून मजूर पाट्या भरताहेत आणि खालून बुंधे वर येताहेत. वाहून आलेले ओंडके म्हणावेत तर हे उभे आहेत. हात खाली घाला. मूळ बोटाला लागतं, त्याला फाटा फुटतो, फाटा जुन्या जमिनीच्या मातीत शिरतो. वाहून आलेलं लाकूड असं मुळं पसरून उभं राहत नाही.

गोदीचे इंजिनिअर ऑर्मिस्टन यांनी इथे एक साधं काम केलं, म्हणून आज आपल्याला बोलता येतं. त्यांनी झाडं मोजली. एकूण 382. त्यातली 223 उभी, 159 आडवी. शेकडो बुंधे अडथळा म्हणून उपटून फेकून देणं जास्त सोपं होतं. पुढे अलेक्झांड्रा डॉक खणतानाही अशीच झाडं सापडली. म्हणजे ही एखादी राई नव्हती, चांगलं पसरलेलं रान होतं.

झाड कुठलं? खैर. बुंध्यावर कोयता मारलात तर बाहेरचं लाकूड भुसभुशीत, आतला गाभा लालभडक आणि टणक. हाच गाभा उकळून कात करतात. रायगडच्या डोंगरांतल्या कातकऱ्यांचा तो पिढ्यानपिढ्यांचा धंदा होता. हा गाभा सहजी कुजत नाही, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. त्यात वर गाळाचं झाकण: हवा आत जात नाही, लाकूड पोखरणारा समुद्रातला किडाही नाही. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला ज्युरासिक काळातली झाडं आहेत, ती खरोखर दगड झालीत. पाण्यातल्या सिलिकानं त्यांच्या पेशी एकेक करून भरल्या. इथे मात्र लाकूड लाकूडच राहिलं, नुसतं झाकलं गेलं. मला तरी वडधमच्या दगडापेक्षा हे जास्त अस्वस्थ करतं.

कारण खैराला कोरडी जमीन लागते, पाण्याचा निचरा होणारी. मुळाशी खारं पाणी साचलं की तो संपला. खाऱ्या पाण्यात जगणारं झाड आपल्याकडे तिवर, आणि ही तिवरं नव्हेत.

तेव्हा आणखी मागे चला. वीस हजार वर्षं. उत्तरेत बर्फाच्या चादरींनी इतकं पाणी अडवून ठेवलंय की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली आहे. मोऱ्याहून माझगावला जायला लाँच नको, दरीतून उतरून पलीकडे चढायचं. घारापुरी बेट नाही, डोंगर आहे. समुद्र पाहायचा असेल तर मात्र पश्चिमेला कित्येक दिवस चालावं लागेल. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात ज्या मुंबई हायचा वायू येतो, ते क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, साधारण 75 मीटर पाण्याखाली आहे. आज तिथे हेलिकॉप्टरनं जातात. त्या काळी पायी गेला असतात.

मग बर्फ वितळतं, समुद्र परततो. आजच्या पातळीच्या आसपास तो सहा-सात हजार वर्षांपूर्वी पोचला. या परतीच्या वाटेवर कुठेतरी आपलं खैराचं रान उभं आहे. काटे आखूड आणि वाकडे, सदरा धरतात. चपट्या शेंगा वाऱ्यावर वाजतात. खालच्या अंगाला खाडीचं पाणी दर उधाणाला थोडं पुढे सरकतंय.

इथे जाणकारांत वाद आहे. समुद्र चढला, की जमीन खचली? एकोणिसाव्या शतकात कल जमीन खचल्याच्या बाजूनं होता. पनवेलच्या आसपास काळ्या कातळाचे थर पश्चिमेकडे कललेले दिसतात, ते पाहून तुम्हालाही तसंच वाटेल. पण ते कलणं कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, लाव्हा थंड झाल्यानंतरचं. खैराच्या मरणाचा आळ त्याच्यावर घालता येत नाही. माझा कौल समुद्राकडे आहे, पण दोन्ही थोडं थोडं घडलं असेल तर निसर्गाला कुणाची हरकत नाही.

हे तपासता मात्र येईल, आणि त्यासाठीच लाकूड लाकूड राहिलं हे बरं झालं. दगड झालेल्या झाडात मोजायला मूळचा कार्बन उरलेला नसतो. गाळातल्या खैरात तो आहे, आणि पन्नास हजार वर्षांपर्यंतचं लाकूड कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीच्या आवाक्यात येतं. गाभा नको, तो झाडाच्या तरुणपणाचा. सालीलगतचं, म्हणजे मरणाच्या वर्षाचं लाकूड घ्यायचं, आणि प्रत्येक बुंध्याची खोली सोबत नोंदायची. खालची झाडं आधी आणि वरची शतकांनी मागाहून मेली असतील, तर समुद्र सावकाश आला. खालची-वरची सगळी एकाच सुमारास मेली असतील, तर जमीन एकदम बसली. मोऱ्याचा असो की माझगावचा, गाळ उपसताना बुंधा लागला, तर तो कापण्याआधी मुळाची खोली मोजून घ्यायला पाच मिनिटं लागतात.