एनआयडी ध्वनिफिती
अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील (एनआयडी) इलेक्ट्रॉनिक संगीताची १९६९–७२ या काळातील ध्वनिमुद्रणे. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये येथे मूग सिंथेसायझरसह स्टुडिओ उभारून दिला. या मूगमध्ये तयार स्वर मिळत नसे. ध्वनी निर्माण करणारे ऑसिलेटर व तो गाळणारे फिल्टर वायरींनी जोडून नाद घडवावा लागे. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी हे प्रयोग केले. साराभाईंनी १९४६ मध्येच अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना न्यूयॉर्कमध्ये भारतीय संगीत शिकवले होते. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती; त्यामुळे या प्रयोगांना निव्वळ पाश्चात्त्य अनुकरण म्हणणे अन्यायाचे ठरेल. जोशीपुरांच्या ‘स्पेस लायनर २००१’ या रचनेला तर विज्ञानकथेचीच ओढ आहे. संस्थेच्या संग्रहातील या फिती संगीतकार पॉल पुर्गस यांनी उजेडात आणल्या. निवडक संकलन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.