दान कुठं द्यावं, मदत कुठं मागावी: पनवेल-नवी मुंबईतल्या दिव्यांग, वृद्ध आणि त्यांना सांभाळणाऱ्यांच्या संस्था

अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाला दिवसाला तीन डायपर लागतात असं धरू. महिन्याचे झाले नव्वद. एक तीस रुपयांना मिळाला तरी २,७०० रुपये. श्रावणबाळ योजनेत म्हाताऱ्या माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. म्हणजे औषध, दूध, रिक्षा सगळं बाजूला ठेवलं तरी पेन्शन डायपरलाही पुरत नाही. हा फरक कोण भरून काढतं? बहुतेक घरांत सून, मुलगी, बायको किंवा आई. काम सोडून, दागिना गहाण ठेवून. आणि जिथं घरच उरलेलं नाही, तिथं एखादी संस्था, लोकांच्या देणग्यांवर.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदवल्या गेल्या. तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्णही आता त्यात येतात. म्हणजे गरज वाढलेलीच आहे. आपल्या भागात यासाठी कोण काय करतं, त्यांना पैसा कसा लागतो आणि आपण द्यायचा तर कसा द्यावा, ते बघू.

नेरे परिसर

पनवेलहून नेऱ्याकडे गेलं की कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन लागतं. कुष्ठरोग आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. पण आजार बरा झाला म्हणून झडलेली बोटं परत येत नाहीत आणि घरचे परत बोलावतातच असंही नाही. अशा माणसांसाठी ही संस्था उभी राहिली आणि पुढे वृद्धाश्रम, आश्रमशाळा, निसर्गोपचार अशी कामं वाढत गेली. २१ प्रकारांच्या यादीत 'कुष्ठरोगमुक्त व्यक्ती' हाही प्रकार आहे. त्यामुळे अशा माणसाचं दिव्यांग प्रमाणपत्र निघू शकतं. गावात कोणी असेल तर त्यांना हे जरूर सांगा, अनेकांना ते माहीत नसतं.

त्याच पट्ट्यात वांगणी गावात 'सील' आश्रम आहे. १९९९ पासून ही मंडळी रस्त्यावर, रेल्वे फलाटावर पडलेल्या बेवारस माणसांना उचलून आणतात. जखमा धुतात, उपचार करतात, माणूस बोलायला लागला की गावाचा पत्ता शोधतात. काही जण वर्षांनी आपल्या घरी परत जातात. ज्यांना घर सापडत नाही ते तिथंच राहतात.

ही वांगणी पनवेल तालुक्यातली, बरं का. बदलापूरच्या पुढची रेल्वे स्टेशन असलेली वांगणी वेगळी. तिथं बरीच अंध कुटुंबं राहतात. एप्रिल २०२१ मध्ये त्याच स्टेशनवर पॉइंट्समन मयूर शेळके यांनी अंध आईचं रुळांवर पडलेलं मूल गाडीसमोरून उचललं होतं. तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. त्यांना रेल्वेने ५०,००० रुपयांचं बक्षीस दिलं आणि त्यातले निम्मे पैसे त्या मुलाच्या शिक्षणासाठी देतो असं त्यांनी जाहीर केलं. एका हातातून दुसऱ्या हातात गेलेलं असं दान सगळ्यांना कळतं. संस्थेला दिलेले पाचशे रुपये मात्र डाळीत जातात, वीजबिलात जातात, रात्रपाळीच्या बाईच्या पगारात जातात. त्याचा फोटो निघत नाही. पण आश्रम चालतो तो त्याच पैशावर.

वाशी, बेलापूर, खारघर

वाशीला सेक्टर ३० अ मध्ये नवी मुंबई महापालिकेचं 'ईटीसी' म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र आहे. ही धर्मादाय संस्था नव्हे, महापालिकेचं काम आहे. पण तपासणी, थेरपी, विशेष शिक्षण एकाच छताखाली मिळावं म्हणून ते उभारलं गेलं. पनवेल-उरणहून जाणाऱ्यांनी आधी फोन करून, हद्दीबाहेरच्यांना काय मिळतं ते विचारून मगच मूल घेऊन जावं. एक दिवस बुडतो तेव्हा मजुरीही बुडते.

खारघरला केंद्र सरकारच्या बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मूल उशिरा बोलतंय, मान धरत नाही, नजर देत नाही, असं वाटलं तर 'मोठं झालं की होईल' म्हणत थांबू नका. सुरुवातीच्या वर्षांतली थेरपी जितकी उपयोगी पडते तितकी नंतरची पडत नाही. सीबीडी बेलापूरला स्वामी ब्रह्मानंद प्रतिष्ठान विशेष मुलांसाठी काम करतं.

डोळ्यांचं वेगळं. म्हातारा माणूस मोतीबिंदूमुळे आंधळा झाला की त्याला सांभाळायला घरातला एक धडधाकट माणूस अडकतो. ऑपरेशन झालं की दोघंही मोकळे. नवीन पनवेलला शंकरा आय हॉस्पिटल आहे. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून आणि देणग्यांतून गावोगावच्या शिबिरांतल्या रुग्णांची मोफत शस्त्रक्रिया, अशी या संस्थेची पद्धत आहे. पनवेलमध्ये लक्ष्मी चॅरिटेबल ट्रस्टचं डोळ्यांचं रुग्णालयही जुनं आहे. गावात शिबिर लागलं की आजीला पाठवा.

सोबत येणाऱ्याचं काय?

आजारी माणसाला खाट मिळते, सोबतचा माणूस जिन्यात झोपतो. ही गोष्ट गाडगे महाराजांना फार आधी दिसली होती. लोकांच्या देणगीतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही बांधली, ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं टाटाला येणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. समिती १९६८ ची. रुग्ण आणि सोबतचा माणूस यांची तिथं अगदी कमी दरात सोय होते.

खारघरला टाटा मेमोरियलचं 'अ‍ॅक्ट्रेक' केंद्र आल्यापासून विदर्भ-खानदेशातली माणसंही नवी मुंबईत येतात. लहान मुलाला कॅन्सर असेल तर सेंट ज्यूड संस्थेचं नाव लक्षात ठेवा. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था उपचार चालू असेपर्यंत मूल आणि आईवडील यांना मोफत राहायला जागा देते, खारघरलाही देते. थेट दारात जाऊन उभं राहू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून, म्हणजे एमएसडब्ल्यूकडून, चिठ्ठी लागते.

घरी सांभाळणाऱ्यांसाठी मात्र फार थोडं आहे. केरळ सरकार 'आश्वासकिरणम' योजनेत घरी रुग्ण सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देतं. रक्कम छोटी आहे, पण त्या बाईच्या कामाला सरकारनं काम म्हटलं, हे मोठं. २०१६ च्या कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. आमदार मतं मागायला आले की हा शब्द त्यांच्या कानावर घाला.

आणि आईवडिलांच्या मनातला खरा प्रश्न: आमच्या माघारी याचं कोण करणार? याच प्रश्नातून तळोजा-खोणी रस्त्याच्या टोकाला, डोंबिवलीजवळच्या खोणी गावात 'घरकुल' उभं राहिलं. अविनाश बर्वे आणि इतर पालकांच्या अमेय पालक संघटनेने बौद्धिक दिव्यांग असलेल्या मोठ्या वयाच्या मुलांसाठी चालवलेलं हे निवासी घर. अशा ठिकाणी जागा मोजक्याच असतात. तुमचा मुलगा पस्तिशीचा असेल आणि तुम्ही साठीचे, तर चौकशी आजच करा.

पैसे देण्याआधी

नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात येते, पनवेल आणि उरण रायगडमध्ये. त्यामुळे संस्थेची नोंद ठाण्याला असू शकते किंवा अलिबागच्या धर्मादाय कार्यालयात. नोंदणी क्रमांकात बहुधा 'एफ' किंवा 'ई' हे अक्षर, मग आकडा, मग जिल्हा असतो. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाव टाकून मोबाइलवर बघता येतं. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या काही ना-नफा संस्था तिथं दिसणार नाहीत, त्यांच्याकडे कंपनीचा क्रमांक मागा.

सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम ४१ क लागू होतं. गणपती मंडळांना हे पाठ असतं. तेच अनाथ-अपंगांच्या नावाने एसटी स्टँडवर डबा फिरवणाऱ्यालाही लागू आहे. कागद मागितला की डबेवाला पुढे सटकला, तर समजून जा.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर वर नाव कोणाचं येतं ते बघा. संस्थेच्या नावाऐवजी कोणा एका माणसाचं नाव आलं तर पैसे पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे आजारी बाळाचे फोटो अनेकदा वर्षानुवर्षं जुने असतात. बाळ कुठल्या रुग्णालयात आहे ते विचारा आणि रुग्णालयाच्या नंबरवर फोन करा. पावती घ्या. तिच्यावर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पॅन हवा.

ज्यांना आयकर भरावा लागतो त्यांच्यासाठी थोडक्यात: ८०जी मान्यता असलेल्या अशा बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्या भागावर सवलत मिळते, तीही जुन्या करप्रणालीतच. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही. तांदूळ, चादरी, कपडे यांवर अजिबात नाही. कर कपातीसाठी कोणी 'जास्त रकमेची पावती देतो' म्हणालं तर तो गुन्हा आहे आणि त्यात तुम्हीही अडकता.

कपड्यांचं स्पष्ट बोलू. दिवाळीच्या आधी घरं साफ होतात आणि फाटक्या साड्या, एका पायाचे बूट आश्रमात पोचतात. ते निवडायला तिथली दोन माणसं आठवडाभर बसतात. वाढदिवसाला केक घेऊन जाणारेही पुष्कळ. वृद्धाश्रमात अनेकांना साखर असते! जाण्याआधी फोन करून 'या महिन्यात काय कमी आहे' एवढं विचारा. उत्तर बहुतेक वेळा डायपर, हवेची गादी, साखर तपासायच्या पट्ट्या, डाळ, किंवा रुग्णवाहिकेचं डिझेल असं येईल. पैसे देणार असाल तर एकदा पाच हजार देण्यापेक्षा महिन्याला चारशे द्या. पगार दर महिन्याला असतात. आणि तिथल्या माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

तळोजा, पाताळगंगा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून व्हॅन येते, व्हीलचेअर येतात, इमारतीवर पाटी लागते. रोज पाठ पुसणाऱ्या बाईचा पगार मात्र त्यातून क्वचितच निघतो. तिथंच सामान्य माणसाच्या चारशे रुपयांना किंमत आहे.

मदत हवी असेल तर

पहिलं काम यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. ते नसेल तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी अडतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. तिथं दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० झाली आहे.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. हा अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करता येतो, म्हणून जवळच्या विशेष शाळेत आधी विचारा. याच मुलांना १८ वर्षं पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँक खातं, जमीन, वारसा तिथं अडतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो.

ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जा, आणि काउंटरवर 'धर्मादाय योजनेतून' असे शब्द वापरा. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडे २००७ च्या कायद्याखाली निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, फोन मोफत लागतो. रस्त्यावर कोणी बेवारस, जखमी पडलेलं दिसलं तर आधी ११२.

शेवटचं, आणि हे गावातच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. कारखाने, गोदामं असलेल्या पनवेल-उरणच्या पंचायतींमध्ये ही रक्कम बारीक नसते. पुढच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांना विचारा: गेल्या वर्षी किती जमा झाले, कोणाला किती दिले, यादी वाचून दाखवा.