रायबहादुरांची दार्जिलिंगमधली दुपार

1835 साली सिक्कीमच्या राजाने दार्जिलिंगचा डोंगर ईस्ट इंडिया कंपनीला लिहून दिला. आजारी गोऱ्या शिपायांना आणि अंमलदारांना हवापालटासाठी थंड जागा हवी होती. राजाला मोबदला मिळू लागला तो 1841पासून, वर्षाला तीन हजार रुपये. पुढे तो दुप्पट झाला आणि 1850मध्ये बंदच पडला. दार्जिलिंगचे अधीक्षक डॉ. कॅम्पबेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांना सिक्कीममध्ये अटकेत ठेवल्याचे निमित्त करून इंग्रजांनी आणखी मुलूखही घेतला.

मग चहाचे मळे वाढले, राबायला नेपाळी मजूर आले. 1881मध्ये दोन फुटी रुळांवरून चिमुकली आगगाडी वर पोहोचली. बंगालचा गव्हर्नर उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येई, आणि त्याच्यामागून कलकत्त्याची सुखवस्तू बंगाली कुटुंबेही येऊ लागली. देशबंधू चित्तरंजन दास यांचे निधन 1925 साली इथेच झाले.

सत्यजित राय यांनी 1962च्या ‘कांचनजंघा’त नेमके असेच एक कुटुंब पडद्यावर आणले. ही त्यांची पहिली स्वतंत्र पटकथा आणि पहिला रंगीत चित्रपट. कुटुंबप्रमुख इंद्रनाथ रायचौधुरी म्हणजे बडा उद्योगपती, इंग्रजांनी दिलेली रायबहादूर पदवी स्वातंत्र्यानंतरही अभिमानाने मिरवणारा. आपल्याकडच्या रावबहादुरांचाच हा बंगाली भाऊबंद. छबी विश्वास यांनी हा माणूस असा उभा केला आहे की, त्याच्या पावलांचा आवाज आला तरी घरचे गप्प होतील असे वाटते.

सुट्टीचा शेवटचा दिवस आहे आणि कांचनजंघा शिखर अजून ढगांआड आहे. विलायतेत शिकून आलेल्या बॅनर्जीने आज धाकट्या मुलीला, मनीषाला, मागणी घालावी, असा वडिलांचा बेत. पडद्यावरचा वेळ आणि गोष्टीतला वेळ जवळपास सारखाच, शंभरेक मिनिटांचा.

इथे राय यांनी गावाची रचनाच कामाला लावली. चौरस्त्यावरून निघणारा मॉल रोड ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालून पुन्हा चौरस्त्यावरच येतो. साहेबांनी सायंकाळी पाय मोकळे करावेत म्हणून असलेल्या या वाटेवर माणसे जोडीजोडीने चालतात, दुरावतात, पुन्हा समोर येतात. थोरली मुलगी अणिमा आणि तिचा नवरा शंकर मोडकळीला आलेल्या संसाराबद्दल बोलत असतात, तेव्हा त्यांची लहानगी तट्टावर बसून फेऱ्या मारत असते. ऊन, ढग, धुके हे सारे कथेच्या बरोबरीने बदलत जाते. सुब्रत मित्र यांच्या कॅमेऱ्याने पकडलेला तो करडा उजेड आजही तितकाच जिवंत वाटतो.

सर्वांत मोलाचा प्रसंग अशोकचा. कलकत्त्याचा हा बेकार तरुण. इंद्रनाथ त्याला नोकरी देऊ करतात. पण त्याआधी, आपले सोबती स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि आपण मात्र शहाणपणाने दूर राहिलो, हे ऐकवतात. अशोक नोकरी नाकारतो. नंतर मनीषाला तो सांगतो की, हे धाडस बहुधा या जागेमुळे आले. कलकत्त्यात असतो तर नोकरी घेतलीच असती. राज्यकर्त्यांनी मैदानातल्या उकाड्यापासून दूर जाण्यासाठी वसवलेले हे गाव. तेच दूरपण शतकभराने त्यांच्याच एका मानकऱ्याचा वचक उतरवते. इंद्रनाथांची पत्नी लावण्य ही आयुष्यभर नवऱ्यापुढे गप्प राहिलेली बाई. ती एकटीच बाकावर बसून रवींद्रनाथांचे गाणे गाते आणि मुलीवर जबरदस्ती होऊ द्यायची नाही असे ठरवते. या चित्रपटाचे खरे थोरपण या शांत बंडात आहे.

शेवटी डोंगर उघडतो. इंद्रनाथ मात्र घरच्यांना हाका मारत उभे आहेत. ज्याच्यासाठी इतके दिवस थांबले, त्या शिखराकडे पाहायचे त्यांना सुचतही नाही.

त्या काळी चित्रपट चालला नाही. ठळक कथानक नाही, एकच नायक नाही. प्रेक्षकांना ते पेलले नाही. छबी विश्वास त्याच वर्षी जूनमध्ये मोटार अपघातात गेले. राय यांचा पुढचा संपूर्ण रंगीत चित्रपट ‘अशनि संकेत’ आला तो थेट 1973मध्ये.

दार्जिलिंगचा इतिहास वाचू पाहणाऱ्याने जुन्या गॅझेटियरच्या जोडीला ‘कांचनजंघा’ही जरूर पाहावा.