जुन्या जालन्याला प्रश्न विचारताना : ग्राफक्यूएल आणि त्याच्या एक्स्टेन्शनचा इतिहास

१/ कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवा जालना. ‘१९५० साली जुना जालना कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या राज्यात होता?’ हा प्रश्न वरवर साधा दिसतो. तोच संगणकातील माहितीला विचारायचा झाल्यास दोन गोष्टी लागतात : प्रश्न मांडण्याची एक भाषा, आणि प्रश्न लिहीत असतानाच चूक दाखवणारा जाणकार सोबती. आजचा धागा या दोहोंच्या इतिहासाविषयी आहे. ओघात ही जोडणी कशी करावी तेही पाहू, आणि शेवटी पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ.

२/ इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. रुमालांत बांधलेले कागद दफ्तरात असणे वेगळे आणि हवा तो कागद हाती येणे वेगळे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. कागद त्याआधीही पुण्यातच होते. विषयवार निवड व मांडणी झाल्यावर मात्र दूरच्या अभ्यासकालाही त्यांना नेमके प्रश्न विचारता येऊ लागले. मांडणी आधी, प्रश्न नंतर, हा क्रम येथे ध्यानात ठेवावा.

३/ संगणकाच्या जगात हाच क्रम १९७० साली नव्याने मांडला गेला. आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी ‘सीक्वेल’ नावाची भाषा मांडली. तिचेच नाव पुढे ‘एसक्यूएल’ झाले. काय हवे ते माणसाने सांगावे आणि ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवावे, हे या भाषेचे मुख्य तत्त्व होय.

४/ पुढे मोबाइल आले आणि अडचणीचे रूप पालटले. आता माहिती दूरच्या सर्व्हरवर होती आणि ती मागण्याचे मार्ग सर्व्हरने आधीच ठरवून दिलेले असत. एका पडद्यासाठी चार ठिकाणी विनंत्या पाठवाव्या लागत, आणि प्रत्येक ठिकाणाहून गरजेपेक्षा अधिक माहिती येई. २०१२ साली फेसबुक आपले आयफोनवरील ॲप नव्याने बांधत होते. त्या वेळी ली बायरन, निक श्रॉक आणि डॅन शेफर या तीन अभियंत्यांनी ‘ग्राफक्यूएल’ची पायाभरणी केली.

५/ ग्राफक्यूएलची रीत एका उदाहरणाने समजेल. सर्व्हरवर ‘गाव’ हा प्रकार आहे आणि त्यात नाव, नदी, किल्ला, लोकसंख्या अशी फील्ड आहेत असे समजा. आपण केवळ नाव आणि नदी मागितली, तर उत्तरात ‘जालना’ आणि ‘कुंडलिका’ एवढेच येते. उत्तराचा आकार प्रश्नाच्या आकारासारखाच असतो. कोणते प्रकार आहेत, त्यांत कोणती फील्ड आहेत आणि कोणते फील्ड रिकामे राहू शकते, याच्या लेखी आराखड्याला ‘स्कीमा’ म्हणतात.

६/ २०१५ साली फेसबुकने ही भाषा सर्वांसाठी खुली केली. तिचा एक गुण आपल्या कथेसाठी महत्त्वाचा आहे : सर्व्हरला त्याच्या स्वतःच्या स्कीमाविषयीही प्रश्न विचारता येतो. ‘तुझ्याकडे काय काय आहे?’ असे विचारल्यावर तो संपूर्ण आराखडा सांगतो. जणू दफ्तराने आपली यादी स्वतःच वाचून दाखवावी! प्रश्नकर्त्याला मदत करणारी साधने या गुणामुळेच शक्य झाली.

७/ आता कथेचा दुसरा धागा, कोड एडिटरचा. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१५ मध्ये ‘व्हीएस कोड’ लोकांसमोर आणला. तोवरची अडचण अशी होती की प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची मदत स्वतंत्रपणे लिहावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा म्हणजे दोनशे वेळा तेच काम. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ जाहीर केला. एडिटर आणि भाषेचा जाणकार प्रोग्राम यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे ते सामाईक नियम होत.

८/ हे दोन धागे जुळले आणि व्हीएस कोडसाठी ग्राफक्यूएलचे एक्स्टेन्शन तयार झाले. आज ते ग्राफक्यूएल फाउंडेशनच्या नावाने उपलब्ध आहे. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली अशी संस्था उभी राहणार असल्याची घोषणा नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली होती. पहिले अक्षर टाइप करताच योग्य फील्ड सुचवणे, चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढणे आणि शब्दावर माऊस नेल्यास त्याचा अर्थ दाखवणे, ही या एक्स्टेन्शनची कामे.

९/ जोडणीत नवशिके बहुधा एकाच ठिकाणी अडतात. या फाउंडेशनची दोन एक्स्टेन्शन आहेत. एक केवळ शब्दांना रंग देते, दुसरे भाषेची खरी जाण पुरवते. आपल्याला दुसरे हवे. ते बसवले तरी आरंभी काहीच घडत नाही, कारण स्कीमा कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. ते सांगण्यासाठी प्रकल्पाच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी, ‘ग्राफक्यूएलआरसी’ नावाची आणि वायएमएल प्रकारची छोटी फाइल ठेवावी. नाव अर्थात रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावे.

१०/ या फाइलमध्ये दोन ओळी पुरतात. ‘स्कीमा’ या ओळीत स्कीमाच्या फाइलचा मार्ग किंवा सर्व्हरचा पत्ता द्यावा, आणि ‘डॉक्युमेंट्स’ या ओळीत आपल्या क्वेरी कोणत्या फोल्डरमध्ये आहेत ते सांगावे. अनेक सर्व्हर सुरक्षेसाठी आपला आराखडा बाहेरच्यांना सांगत नाहीत, म्हणून स्कीमाची प्रत प्रकल्पातच असलेली बरी. व्हीएस कोडमध्ये एखादी सुटी फाइल उघडू नये, संपूर्ण फोल्डर उघडावे. बदल केल्यावर खिडकी एकदा रीलोड करावी. नंतर मुद्दाम चुकीचे फील्ड लिहून पाहावे. लाल रेघ उमटली की जोडणी झाली.

११/ आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. समजा, आपण जुन्या जालन्यासाठी ‘जिल्हा’ आणि ‘राज्य’ अशी दोन फील्ड असलेला स्कीमा केला आणि त्यांत ‘जालना’ व ‘महाराष्ट्र’ भरले. क्वेरी लिहिली, लाल रेघ कोठेही आली नाही, उत्तरही आले. ते १९५० साठी मात्र सपशेल चुकीचे आहे! त्या वर्षी जालना हैदराबाद राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यात होता.

१२/ कालक्रम पाहा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही, कारभार मात्र चार तारखांना बदलला. ‘जिल्हा’ या एकाच फील्डमध्ये हा इतिहास मावणारच नाही.

१३/ एक्स्टेन्शनचा दोष येथे नाही. प्रश्न स्कीमाला धरून आहे की नाही एवढेच ते तपासते. स्कीमा इतिहासाला धरून आहे की नाही हे तपासण्याचे काम आपले. यावर उपाय आहे : ‘जिल्हा’ या फील्डऐवजी ‘कारभार’ अशी यादी ठेवावी आणि तिच्या प्रत्येक नोंदीत जिल्हा, राज्य, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ ही फील्ड असावीत. मग १९५० हे वर्ष देऊन विचारता येते. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. ती ‘जालना जिल्ह्यात’ झाली असे आपण आजच्या सोयीने म्हणतो. हे भान त्या नोंदीतही उतरते.

१४/ नावांचेही तसेच. १६७९ साली शिवाजी महाराजांनी स्वारी केली ती पेठ मराठी साधनांत ‘जालनापूर’ म्हणून येते, तर कंपनीच्या इंग्रजी कागदांत ‘जौलना’ असा उच्चार सुचवणारी वर्तनी आढळते. ‘नाव’ हे एकच फील्ड ठेवले, तर या कागदांतील गाव शोधणाऱ्याच्या हाती लागणार नाही. म्हणून नावांचीही यादी हवी, आणि प्रत्येक नावासोबत ते कोणत्या साधनात आले याची नोंद हवी.

१५/ मराठी माणसाला एक मर्यादा येथे जाणवते. ग्राफक्यूएलच्या नियमांनुसार प्रकारांची आणि फील्डची नावे केवळ रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेखा यांतूनच करता येतात. ‘कारभार’ हे नाव देवनागरीत दिले तर लाल रेघ येईल. मूल्ये मात्र देवनागरीत चालतात, तसेच फील्डचे वर्णनही. स्कीमात त्या फील्डच्या वर ‘हा कारभार कोणत्या तारखेपासून होता’ असे मराठीत लिहून ठेवले, तर माऊस नेताच तेच मराठी वाक्य एडिटरमध्ये दिसते. पुढच्या अभ्यासकासाठी ही टीप मोलाची ठरते.

१६/ आणखी एक सोय इतिहासाच्या वृत्तीला साजेशी आहे. जुने फील्ड पुसून टाकण्याऐवजी त्यावर ‘आता वापरू नये’ अशी खूण करता येते आणि त्याचे कारणही लिहिता येते. जुन्या ‘जिल्हा’ फील्डवर ही खूण करून ‘काळ नोंदलेला नाही, कारभार पाहावा’ असे कारण द्यावे. जुनी क्वेरी चालत राहते, आणि ती लिहिणाऱ्याला आपण कोठे चुकत होतो ते एडिटरमध्येच कळते.

१७/ मित्रहो, या सुट्टीत आपल्या गावासाठी एवढे करून पाहा. आधी कागदावर तक्ता काढा : गावाची नावे कोणती, कारभार कोणाचा, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि आधार कोणता. मग त्याचा स्कीमा लिहा, एक्स्टेन्शन जोडा आणि गावाला पहिला प्रश्न विचारा. उत्तर चुकीचे आले, तर लाल रेघेची वाट न पाहता प्रथम तो तक्ता पुन्हा वाचा. आपल्या गावाचा कारभार किती वेळा बदलला, ते खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.