डिग्री आपली, रांग जन्मदेशाची

सावनेरपासून पुण्यापर्यंत ग्रीन कार्डाच्या गप्पा चालतात. आज त्यामागचा इतिहास ऐकू.

आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले. १९१७ मध्ये अमेरिकेनं कायदा करून भारतीय स्थलांतरितांना दार बंद केलं. खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं. म्हणजे अमेरिकेतली डिग्री कामी आली मेक्सिकोच्या!

१९४६ मध्ये दार किलकिलं झालं: भारतीयांना वर्षाला फक्त १०० जागा. १९६५ च्या कायद्यानं हा जुना कोटा मोडला, कौशल्याला वेगळी जागा दिली. मग आपले डॉक्टर-इंजिनिअर निघाले.

१९९० च्या कायद्यात ईबी-२ आलं. त्यासाठी मास्टर्स हवं, नाहीतर बीटेक आणि त्यानंतर वाढत्या जबाबदारीचा पाच वर्षांचा अनुभव. पण एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. म्हणून पात्र ठरूनही भारतीय वर्षानुवर्षं रांगेत, आणि मुलं २१ ची झाली की बहुतेकदा आईबापाच्या अर्जातून बाहेर!

तेव्हा एजंटनं ‘तुम्ही क्वालिफाय होता’ म्हटलं, की पुढचा प्रश्न लगेच विचारा: रांग किती वर्षांची?